हिस्केच्या घराखालचं पाणी

लित्सफेन गावात सीब्रेनचं आडनाव विचारलंत तर लोक डोकं खाजवत बसतील. तो सीब्रेन पंपवाला. पंपघराची किल्ली पाणी मंडळाने केव्हाच परत घेतली, पंप आता शहरातल्या कुठल्याशा खोलीतून बटणावर चालतो, तरी माणूस पंपवालाच राहिला. समुद्रसपाटीखालच्या आमच्या फ्रिसलंडच्या या कोपऱ्यात एकदा नाव पडलं की ते थडग्याच्या दगडापर्यंत सोबत करतं.

उंच, वाकलेला, पायात लाकडी बूट, आणि बोलणं इतकं मोजकं की शब्दांनाही वीजबिल येतं असं वाटावं. त्याच्या वाटचं बोलायचं काम बायको हिस्के करायची. तिला ते आवडायचंही.

सीब्रेनचा जन्म पाण्यातला म्हणायला हरकत नाही. त्या काळी बांधाआतलं शिवार हिवाळाभर ओलं असायचं. गाई गुडघाभर पाण्यात उभ्या, गवत होडीतून घरी आणायचं, आणि बापाचे हात चाळिशीतच वाकडे झालेले. त्यांचं खोपटं थेट जमिनीवर होतं, त्यामुळे अंथरूण कधी कोरडं म्हणून नाही. धाकटी बहीण यिट्स्के छातीच्या दुखण्याने गेली तेव्हा डॉक्टर भिंतीला हात लावून म्हणाला होता, "ही भिंत पिळली तर बादली भरेल." आई चुलीवर मोजे वाळत घालत होती. ती घालतच राहिली. सीब्रेन तेव्हा लहान होता, पण पाणी हा आपला वैरी, ही खूणगाठ त्याने त्या दिवशी बांधली.

म्हणून गावात विजेचा मोठा पंप आला आणि तो सांभाळायला मंडळाने सीब्रेनला निवडलं, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिल्याच वसंतात चरांमधलं पाणी हातभर खाली गेलं. ज्या रानात माणूस रुतायचा तिथे एप्रिलमध्ये ट्रॅक्टर फिरायला लागले. शेतकरी पंपघरात येऊन त्याला साखरेचा पाव देऊन जायचे, पाठ थोपटायचे. गावातलं पोर खोकायचं कमी झालं ते सीब्रेनमुळे, असं लोक उघड म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं की हा माणूस अडाणी होता. अडाणी तो नव्हता, आणि लोभी तर मुळीच नव्हता.

पण आमची ही जमीन म्हणजे खरी मातीच नव्हे. हजारो वर्षांचं गवत आणि शेवाळ पाण्याखाली कुजून, दबून झालेला तो काळा गाळ. ओला आहे तोवर फुगलेला. वाळला की हवेत विरतो आणि खाली बसतो. पाणी हातभर खाली नेलं की काही वर्षांनी जमीनही तेवढीच खाली यायची, गवत पुन्हा ओलं व्हायचं, आणि शेतकरी पुन्हा पंपघराच्या दारात.

"सीब्रेन, अजून एक वीत खाली घे की."

सीब्रेन घ्यायचा. मंडळाचा ठराव व्हायचा, सगळे हात वर करायचे, आणि पाणी अजून एक वीत खाली जायचं. पाण्याच्या मागे जमीन आणि जमिनीच्या मागे पाणी, असा हा पाठशिवणीचा खेळ त्याची अख्खी नोकरी चालला. समुद्र बांधाबाहेर वर चढत होता आणि आम्ही आत आनंदाने खाली उतरत होतो. अति तिथे माती म्हणतात. आमच्याकडे तर मातीही उरत नव्हती.

कुणाला दिसत नव्हतं असं नाही. हिस्केच्या घराच्या पायऱ्याच सांगत होत्या. घर तिच्या माहेरचं. तिच्या पणज्याने, लोण्याच्या व्यापाऱ्याने, नॉर्वेहून जहाजाने आणलेल्या पाइनच्या खांबांवर ते बांधलं होतं. खांब खोल, थेट कडक वाळूत ठोकलेले. त्यामुळे अंगण खाली गेलं तरी घर जागच्या जागी. लग्न करून सीब्रेन घरजावई म्हणून आला तेव्हा उंबऱ्यावरून पाय टाकला की अंगण. मग एक पायरी बांधावी लागली, काही वर्षांनी तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. प्रत्येक पायरी सीब्रेनने स्वतःच्या हाताने बांधली, आणि हिस्के दर वेळी खिडकीतून टोमणा मारायची.

"लग्नात उचलून आत आणलं होतंस. आता उचललंस तर दोघांचाही कपाळमोक्ष."

"मग चालत ये," सीब्रेन म्हणायचा.

हिस्के त्याच घरात, भिंतीतल्या कपाटवजा पलंगावर जन्मली होती. तिचा मुलगा वोब्बेही तिथेच. घराच्या मागच्या भिंतीवर चढवलेलं नाशपातीचं झाड, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारं लांबच लांब रान, कुठली फरशी हिवाळ्यात आधी गार पडते, सगळं तिला अंधारातही ठाऊक. वसंतात ती आणि सीब्रेन टिटवीचं पहिलं अंडं शोधायला रानात जायचे; आमच्याकडे ते सापडणं म्हणजे वर्षभराचा मान. अंडं नेहमी हिस्केला सापडायचं. सीब्रेन खाली मान घालून शोधायचा आणि ती वर टिटवी कुठून उडते ते बघायची. पुढे रान इतकं कोरडं आणि टणक झालं की पाखरांची चोच आत जाईना. मग टिटव्या येईनाशा झाल्या. हिस्के म्हणायची, रान कसं मुकं झालंय बघ. सीब्रेन म्हणायचा, कोरडं आहे ना. त्याच्या हिशेबी ते उत्तर पुरेसं होतं.

सीब्रेन निवृत्त झाला आणि त्यानंतर काही वर्षांत घराची दारं अडकायला लागली. दर पावसाळी हवेत लाकूड फुगतं म्हणून तो रंधा मारायचा. पण आता उन्हाळ्यातही मारावा लागे. नातवंडांची गोटी जमिनीवर ठेवली की आपोआप रस्त्याकडच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. पोरांना मजा वाटायची. रात्री भिंतीतून आवाज यायचे.

"घर खोकतंय," हिस्के म्हणाली.

"जुनी घरं खोकतात."

"जुनी माणसं खोकली की डॉक्टरकडे नेतोस ना तू? मग याला कुणाकडे नेणार?"

शेवटी तिनेच मंडळाला फोन केला. रेनस्के नावाची एक तरुण मुलगी आली, हसरी, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट. तिने भिंतीलगत खड्डा खणवला, आत उतरली आणि एका खांबाच्या डोक्यावर पेचकस टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. सीब्रेन खड्ड्याच्या काठावर उभा राहून बघत होता.

"पाण्याखाली असतं ना, तोवर या लाकडाला काही होत नाही, काका," रेनस्के वर बघून म्हणाली. "शेकडो वर्षं तसंच राहतं. पण पाणी खाली गेलं, हवा लागली, की बुरशी धरते. तुमच्या खांबांची टोकं उघडी पडलीत."

सीब्रेनला समजायला वेळ लागला नाही. पाणी कुणी खाली नेलं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. "पडणार का मग घर?" हिस्केने मागून विचारलं.

"अजून सगळं गेलेलं नाही. घराभोवती वेगळा चर खणून त्यात पाणी वर ठेवलं, उन्हाळ्यातसुद्धा, तर निदान तुमच्या हयातीत काही होणार नाही. पण एखादा उन्हाळासुद्धा कोरडा गेला तर मी काही सांगू शकत नाही. आता खांबांत तेवढी सोसण्याची ताकद उरलेली नाही."

हिस्के हसायला लागली. तिला हसू कशाचं आलं ते रेनस्केला कळेना. "ऐकलंस, सीब्रेन? जन्मभर ज्याला हाकललंस, त्याचा आता पाहुणचार करायचाय."

त्या रात्री मात्र ती हसली नाही. तिचं हृदय त्या सुमारास दुबळं झालं होतं, वोब्बे दर रविवारी हेरेनफेन शहरातल्या लिफ्टवाल्या इमारतीत राहायला जायचा विषय काढायचा. जेवताना तिने चमचा खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "मी या घरात जन्मले. इथून मी आडवीच जाणार, चालत नाही. एवढं तू माझ्यासाठी कर. दुसरं काही मागत नाही."

"करतो," सीब्रेन म्हणाला. लग्नाच्या वेळी चर्चमध्ये म्हणाला होता त्यापेक्षा हे त्याने जास्त विचार करून म्हटलं.

मंडळाने चर खणून दिला. एका तोंडाला खाच असलेला दगड बसवला, खाचेत ओकची फळी. फळी खाली असली की पाणी अडून राहायचं, वर ओढली की शेजारच्या खोल चरात निघून जायचं. वसंतात मंडळाचा छोटा पंप येऊन बाहेरच्या कालव्यातून तो चर भरून द्यायचा. राखणदारी अर्थातच सीब्रेनकडे. दुसरं कोण करणार होतं? तो रोज सकाळी कॉफीआधी फळीपाशी जायचा, काडीकचरा काढायचा, फळीच्या फटीत शेवाळ कोंबायचा. ज्या हातांनी पाणी हुसकलं तेच हात आता ते थेंबाथेंबाने राखत होते. पहिला उन्हाळा गेला, दुसरा गेला. भिंतीची भेग वाढली नाही. दारं रंध्याशिवाय लागायला लागली. दुसऱ्या वसंतात तर चराच्या ओल्या काठावर एक टिटवी येऊन ओरडून गेली. हिस्केने तिच्यासाठी खिडकी उघडी ठेवली, बाहेर चांगलीच थंडी असूनही.

त्या दोन वर्षांत सीब्रेन बोलका झाला होता असं शेजारची बाऊके सांगते. बोलका म्हणजे, तिने नमस्कार केला की तो हवेबद्दल एखादं वाक्य जास्त बोलायचा.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, वोब्बेने मागच्या रानातलं गवत कापलं. वोब्बे म्हणजे चाळिशी पार केलेला, रुंद, सदा घाईतला, आईवर जीव टाकणारा माणूस. त्याचं रान त्या चराला लागूनच होतं, आणि चरातलं पाणी झिरपून रानाचा एक कोपरा ओला राहायचा. तो कुरकुर करायचा, पण आईच्या घरासाठी आहे म्हणून गप्प बसायचा. त्या दिवशी कापलेलं गवत वाळत पडलं होतं आणि नैऋत्येकडून काळंभोर आभाळ चढून आलं. वोब्बे धापा टाकत बापाकडे आला.

"बाबा, पाऊस येतोय. कोपऱ्यात आधीच गाडी रुततेय. पाणी चढलं तर सगळं गवत गेलं."

"मग?"

"दोन दिवस फळी काढा. चर रिकामा झाला की पावसाचं पाणी त्यात उतरेल. मी गवत उचलतो, तुम्ही परत फळी घाला, मंडळाला सांगा, ते चर भरून देतील. दोन दिवसांनी काय होणार आहे?"

"मंडळाला आधी विचारायला हवं."

"विचारेपर्यंत कुजेल ते. बाबा, तुम्हीच सांगा, असं आभाळ आल्यावर तुम्ही पंपघरात काय करायचात?"

सीब्रेनने आभाळाकडे पाहिलं. असं आभाळ आलं की पाणी आधीच खाली घ्यायचं, म्हणजे पावसाला जागा होते. चाळीस वर्षं त्याने हेच केलं होतं, झोपेतून उठूनही केलं असतं. पोटच्या पोराचं गवत समोर पडलेलं, ढग शिवारावर आलेले. जित्याची खोड म्हणतात ती हीच. तो गुडघ्यावर बसला, फळीच्या कडीत बोटं घातली आणि ओढली. पाणी खळाळत निघालं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला बरं वाटलं. पाणी उतरताना बघून जे समाधान त्याला आयुष्यभर मिळालं होतं, तेच. पुढे तेच त्याला सगळ्यात जास्त टोचलं.

पाऊस आलाच नाही. चार थेंब पडले आणि आभाळ उत्तरेकडे निघून गेलं. वोब्बेचं गवत कोरडं ठणठणीत घरी आलं. दुसऱ्या दिवशी सीब्रेनने फळी परत घातली आणि मंडळाला फोन करून चर भरून मागितला. पंप दुसऱ्या गावी गेलाय, पुढच्या आठवड्यात पाठवू, असं उत्तर मिळालं. पुढच्या आठवड्यात ऊन सुरू झालं, आणि पंप काही आला नाही.

तसा उन्हाळा म्हाताऱ्यांनीही पाहिला नव्हता. जून गेला, जुलै गेला, आभाळातून टिपूस नाही. ज्या देशाने पाण्याला बाहेर घालवण्यात सगळी अक्कल खर्च केली, तिथे आता पाणी कुठून आणायचं याची चर्चा सुरू झाली. बांध वाळून भेगाळायला लागले, तेव्हा मंडळाने हुकूम काढला: बाहेरचं पाणी आधी बांधांना, मग शहरांना, लहान चर बंद. सीब्रेन रेनस्केला फोनवर म्हणाला, "एकाच घराचा तर चर आहे."

"मला माहीत आहे, काका. मी भांडले सुद्धा. पण मे महिन्यात तुमचा चर भरलेला होता ना? म्हणूनच तुम्ही परत पंप मागितलात तरी मी तुमचा चर यादीत पहिल्या नंबरला टाकला नाही. इतक्या लवकर कसा आटला?"

सीब्रेनने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "झिरपला असेल." बाऊकेने ते ऐकलं, कारण ती अंडी द्यायला आली होती. तिनेही फळी काढताना पाहिलं होतं. सगळ्या गावाने पाहिलं होतं, सपाट मुलखात काय लपतं? पण कुणी काही बोललं नाही. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं, हे ज्याला त्याला मनातून ठाऊक होतं.

मग तो बादल्या घेऊन निघाला. लांबच्या कालव्यातून दोन बादल्या भरायच्या, आणायच्या, चरात ओतायच्या. तळाची माती ते पाणी ओतताक्षणी पिऊन टाकायची. ऐंशीला टेकलेला माणूस लाल तोंडाने ये-जा करतोय हे बघून बाऊके कुंपणापाशी आली.

"सीब्रेन, चुलीत घाल तो चर. तू मरशील."

"अजून दोन बादल्या."

"हिस्के काय म्हणते?"

"काही नाही."

तेच खरं होतं आणि तेच त्याला समजत नव्हतं. हिस्के बोलेनाशी झाली होती. तो बादल्या घेऊन निघाला की ती खिडकीतून बाजूला व्हायची. कॉफी द्यायची, कप पुढे सरकवायची, नजर द्यायची नाही. तिला फळीचं कळलंय का, बाऊकेने सांगितलं असेल का, या विचारात त्याची कॉफी कपातच गार व्हायची. सांगून टाकावं असं त्याला रोज सकाळी वाटायचं आणि रोज सकाळी तो बादल्या उचलायचा.

ऑगस्टमध्ये, दुपारी जेवताना, स्वयंपाकघराच्या खिडकीची काच कुणी हात न लावता तडकली. मग जमिनीखालून जाड दोरी तुटावी तसा आवाज आला आणि रस्त्याकडचा कोपरा खाली बसला. पुढचं दार चौकटीत असं आवळलं की उघडेना. वोब्बे धावत आला, मागच्या दाराने आईला बाहेर काढलं. संध्याकाळी मंडळाचे आणि नगरपालिकेचे लोक आले, दारावर लाल पट्टी लावून गेले. घर राहण्याजोगं नाही.

हिस्के त्या घरातून चालतच गेली. एका हातात वोब्बेचा दंड, दुसऱ्या हातात कॉफीचं भांडं, ते का घेतलं कुणास ठाऊक. गाडीत बसताना तिने मागे वळून पाहिलं नाही. सीब्रेनने पाहिलं, आणि मग तिच्या शेजारी बसला. वोब्बेने गाडी सुरू केली, आरशात बापाकडे बघितलं.

"बाबा, मी जर त्या दिवशी..."

"रस्त्याकडे बघ," सीब्रेन म्हणाला.

हेरेनफेनमध्ये त्यांना तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. लिफ्ट, गरम पाणी, कोरड्या भिंती, खाली गाड्या लावायची जागा. सगळं उत्तम होतं आणि हिस्के दिवसभर खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसायची. जी बाई नळाशीही बोलायची ती 'हो' आणि 'नको' यावर आली. नर्स म्हणाली, औषधाने होतं असं. वोब्बे म्हणाला, सवय होईल. सीब्रेन जाणून होता की हे औषधाचं नाही. तिने एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्याने पोराच्या गवताच्या एका गाडीसाठी घालवली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तसं झालं. रात्री तो तिच्या श्वासाकडे कान लावून पडायचा, आणि तीही जागी आहे हे त्याला कळायचं.

नोव्हेंबरात घर पाडलं. सीब्रेन हिस्केला न सांगता बसने गेला, पण ती काही दूधखुळी नव्हती. त्याने जुने बूट घातले तेव्हाच तिला समजलं असणार. तो पोहोचला तोवर भिंती गेल्या होत्या, नाशपातीचं झाड विटांखाली, आणि यारीवाला आपल्या क्रेनने जमिनीतून खांब उपसत होता. एकेक खांब चिखलातून वर यायचा, पाणी निथळायचं, आणि गवतावर आडवा व्हायचा.

वरचं हातभर टोक काळं, भुसभुशीत होतं. त्याखाली खांब पिवळाधमक. सालीच्या खुणा सुद्धा शाबूत. सीब्रेन वाकला आणि नाक जवळ नेलं. डिंकाचा वास आला, काल तोडल्यासारखा. तो एकामागून एक खांब बघत गेला. सगळे तसेच. बहुतेकांचं टोकही पुरतं गेलेलं नव्हतं. रस्त्याकडच्या कोपऱ्यातले तीनच काय ते यंदा नव्याने खाल्ले गेले होते, त्यांची कूज ओली आणि ताजी होती.

यारीवाला खाली उतरून सिगारेट पेटवत म्हणाला, "आजोबा, काय माल आहे बघा. पाणी असतं तर अजून शंभर वर्षं हलले नसते. कुणी मूर्खाने वाळवले कोण जाणे."

"हो," सीब्रेन म्हणाला. मग रस्त्यावर येऊन त्याने रुमाल काढला आणि बस येईपर्यंत तोंडावर धरून उभा राहिला. बाऊके खिडकीत होती. ती बाहेर आली नाही, आणि तेच बरं केलं.

तो परतला तेव्हा हिस्केने कॉफी करून ठेवली होती. दोन कप, शेजारी बिस्किटाचा डबा. कित्येक महिन्यांनी तिने त्याच्या डोळ्याला डोळा दिला.

"पाडलं?"

"पाडलं."

"खांब पाहिलेस?"

सीब्रेनने कोट खुंटीला लावला. लावायला जरा जास्तच वेळ लागला. हिस्के वाट बघत होती, दोन्ही हात कपाभोवती धरून, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती इतकी लहान दिसली की खरं सांगायची त्याची छाती झाली नाही.

"सगळे गेले होते," तो म्हणाला. "वरपासून खालपर्यंत. हात लावला की भुगा. ती मंडळाची पोरगी चुकली होती. पाणी असतं तरी घर टिकलं नसतं. या हिवाळ्यात पडलंच असतं."

"नक्की?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

हिस्केने कप खाली ठेवला. तिचे खांदे खाली आले, जसे ओझं उतरवल्यावर येतात, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिने पुसलंही नाही.

"मग आता सांगते तुला," ती म्हणाली. "तू फळी काढलीस ना त्या दिवशी, मी खिडकीत होते. मला सगळं दिसत होतं. काच वाजवायला हात वर केला होता मी, सीब्रेन. तू काच ऐकली असतीस, थांबला असतास. पण वोब्बेचं गवत पडलेलं दिसलं आणि मी हात खाली घेतला. म्हटलं, दोन दिवसांनी काय होतंय. मग तू त्या बादल्या वाहायला लागलास. एवढा म्हातारा माणूस. मला बघवेना. वाटायचं, हे माझ्यामुळे. एक काच वाजवली असती तर घर राहिलं असतं, आणि हा मनुष्य उन्हात मरतोय. कसं बोलणार होते तुझ्याशी? कुठल्या तोंडाने?"

सीब्रेनचा हात बिस्किटाच्या डब्यावर होता. तो तिथेच राहिला. डिंकाचा तो वास अजून त्याच्या नाकात होता. खरं सांगितलं असतं तर त्याच्या छातीवरचा दगड तेवढा हलका झाला असता, आणि तो थेट तिच्या छातीवर गेला असता.

"वाजवून काही झालं नसतं गं," तो म्हणाला. "सगळं कुजलेलं होतं."

"नाही ना?"

"नाही."

"म्हणजे तुझ्या फळीनेही काही बिघडलं नाही."

"नाही."

तिने नाक पुसलं, डबा आपल्याकडे ओढला, एक बिस्कीट घेतलं, आणि आमच्याकडे कॉफीबरोबर एकाच बिस्किटाची रीत असताना दुसरंही घेतलं. मग बोलायला लागली. बाऊकेच्या अंड्यांबद्दल, शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याच्या घोरण्याबद्दल, आपल्या पणज्याला त्या नॉर्वेवाल्याने कुजके खांब कसे गळ्यात मारले असतील याबद्दल. दिवे लागले तरी ती बोलतच होती, पूर्वीसारखी. सीब्रेन समोर बसून हो, हो म्हणत होता, आणि आता ती आहे तोवर आपल्याला हे कुणाशीही बोलता येणार नाही, वोब्बेशीही नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.